आईच्या बांगड्या आणि ट्रकचा काटा

आमच्या ट्रकला वेगाचा काटा नव्हता. काच होती, आकडे होते, पण काटा तुटून काचेच्या तळाशी मेलेल्या डासासारखा आडवा पडला होता. शेजारी ऑइलच्या मीटरचं नुसतं भोक होतं, त्यात आईची मिश्रीची डबी बसायची. इंजिनाची गरमी दाखवणाऱ्या मीटरच्या जागी देवीचा फोटो होता. डिझेल किती उरलंय ते बाबा टाकीत काठी बुडवून बघत. मढहून पहाटे मासळी भरून बोरिवलीच्या बाजारात न्यायची, एवढ्या कामाला आणखी काय लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

वेग आई सांगायची. ती बाबांच्या डावीकडे, खिडकीत हात टेकून बसायची. गाडी चाळिसाच्या पुढे गेली की तिच्या बांगड्या दाराच्या पत्र्यावर वाजायला लागत. त्या वाजल्या की ती ओरडायची आणि ती ओरडली की बाबा पाय उचलायचे. चाळीस हा आकडाही बाबांनीच ठरवलेला. काटा शाबूत होता तेव्हा एकदा बघून ठेवलेला आणि मग देवाच्या शब्दासारखा पाळलेला.

बांगड्या तिच्या डाव्याच हातात होत्या. आम्हा कोळ्यांत लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात. त्या घे आणि माझा नवरा सांभाळ, असा तो सौदा. पुढे बाबांनी होडी विकून ट्रक घेतला आणि आईच्या दृष्टीने सौदा अर्धाच राहिला. दर्यानं पाण्यावर सांभाळला, जमिनीवर मलाच बघायला लागतं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तापात असली तरी पुढची सीट सोडायची नाही.

आमच्या आळीत पहिला रंगीत टीव्ही आला त्या वर्षी ट्रकचं पासिंग आलं. मागच्या वेळी आरटीओच्या साहेबांनी काट्याकडे काणाडोळा केला होता. या वेळी सगळे मीटर चालू पाहिजेत असं आधीच बजावलं होतं. बाबा चडफडत जोगेश्वरीच्या एका मेस्त्रीकडे गेले. त्याने भंगारातल्या दुसऱ्या ट्रकचे मीटर आणून बसवले, केबल नवी टाकली. देवी वर आरशापाशी गेली, मिश्रीची डबी बेघर झाली.

आईने पहिल्या दिवशीच त्या काट्याशी वैर धरलं. मीटर आला की बाईमाणसाला मागे टोपल्यांत बसवतील, असं ती मला स्वयंपाक करता करता म्हणाली. मी हसले. ती हसली नाही. कढईत जरा जास्तच जोराने झारा फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाजाराहून परत येताना बाबांनी मीटर तपासला. कशावरून? अर्थातच आईच्या बांगड्यांवरून. बांगड्या वाजल्या तेव्हा काटा साठावर होता. बाबा तडक मेस्त्रीकडे गेले आणि मीटर वीसने खोटं बोलतो म्हणाले. मेस्त्रीने तो उघडला, पुसला, परत लावला. बांगड्या वाजल्या, काटा साठावर. बाबांनी दुसरा मीटर लावून घेतला. तोही साठ. दोन मीटर एकीकडे, आईचा एक हात दुसरीकडे, आणि बाबांच्या मनात खोटं कोण याविषयी शंकाच नव्हती. आई तर माहेरचं कुणी निवडणूक जिंकल्यासारखी मिरवत होती.

मेस्त्री शेवटी वैतागला. हायवेवर जा, काटा साठावर धरा, मिनिटाला एक किलोमीटरचा दगड आला तर मीटर खरा, म्हणाला. घरात मनगटी घड्याळ माझ्याकडेच होतं, म्हणून दोघांच्या मध्ये मला कोंबलं. बोरिवलीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. बाबांनी काटा साठावर धरला. पहिला दगड गेला, मी घड्याळ बघायला लागले. सेकंदकाटा फिरून जागेवर आला आणि दुसरा दगड खिडकीबाहेरून निघून गेला.

मी दोघांना सांगितलं. मीटर खरा होता. आईने बांगड्यांकडे बघितलं, मनगटावर पुढेमागे सरकवून बघितल्या. त्या जेमतेम हलल्या. तेव्हा आम्हा तिघांना एकदमच आठवलं. महिन्याभरापूर्वी मावशीच्या मुलीच्या हळदीला आईने नव्या बांगड्या भरल्या होत्या आणि घट्ट बांगडी हातात शोभते म्हणून कासाराकडून एक माप लहानच बसवून घेतल्या होत्या. चाळिसाला वाजायचं ते आता साठाला वाजत होतं. महिनाभर बाबा तिच्या भरवशावर मढच्या वळणांवरून साठाने ट्रक हाकत होते.

मला हसू फुटलं होतं, पण आईचं तोंड बघून मी ते गिळलं. "मीच मारला असता याला," ती म्हणाली. घर येईपर्यंत तिने हात मांडीवर ठेवला, खिडकीत टेकवला नाही.

ट्रक पास झाला. साहेबांनी सगळे काटे बघितले, देवीलाही नमस्कार केला. दुसऱ्या पहाटे मासळी भरून झाली, तरी आई पुढे चढेना. पाटी कमरेवर घेऊन मागच्या फळीपाशी उभी. मला तिचा राग आला.

"मी मागं बसतंय," ती म्हणाली. "पुढं आता मीटर हाय."

बाबा खाली उतरले, तिच्या हातातली पाटी घेऊन मागे ठेवली.

"काटा नुसता दावतं," ते म्हणाले. "मना वरडनार कोन?"

आई चढली. मिश्रीची डबी तिने नव्या मीटरवरच, काचेला टेकवून ठेवली. आकडे निम्मे झाकले गेले. पहिलं वळण यायच्या आत तिने डबी जरा बाजूला केली, वाकून काटा बघितला आणि ओरडली. गाडी तेव्हा तिसावर होती. बाबांनी मुकाट्याने पाय उचलला.