चालू प्रोसेसलाच विचारणारा संजू

संजू गेला. आज सकाळी, चहा पिता पिता.

मेसेज वाचला तेव्हा मी नाशिकला द्वारका सर्कलच्या सिग्नलला उभी होते. मागचे हॉर्न वाजवत होते आणि मला गाडीचा गिअर सापडत नव्हता.

देवळ्याचा संजू, माझा ऑफिसातला जोडीदार. आमच्यावर सारखा चिडायचा, मशीनवर कधीच नाही.

या द्राक्षाच्या सीझनमधला एक दिवस सांगते.

वणीच्या आप्पांचं कोल्ड स्टोरेज आमच्या सॉफ्टवेअरवर चालतं. भर दुपारी त्यांचा फोन आला. "ताई, थंड हवेचे पंखे थांबलेत. दार लावलेलं हाय, पण स्क्रीनवर उघडंच दाखवतंय."

आम्ही पोचेपर्यंत तापमान चढायला लागलं होतं.

रिस्टार्ट केलं की सिस्टीम आधी डीफ्रॉस्टला जाते, म्हणजे साठलेला बर्फ वितळवत बसते, त्यातच संध्याकाळ होते. तोवर द्राक्षांना पाणी सुटलं की माल गेलाच.

"माझी सगळी बाग हाय आतमधी," आप्पा एवढंच म्हणाले.

दार उघडं दिसतंय तोवर सिस्टीम पंखे लावणार नव्हती. उपाय एकच. प्रोग्रॅम चालू असतानाच त्याला डीबगर, म्हणजे आत डोकावून दुरुस्ती करणारं साधन, जोडायचा आणि मेमरीतली 'दार उघडं' ही खूण शून्य करायची.

मी जोडला. डीबगर म्हणाला, ६४ बिट.

शून्य टाइप करून मी एन्टरवर बोट ठेवलं.

"हात काढ," संजू म्हणाला.

"काय झालं?"

"६४ आहे हे त्याला कोणी सांगितलं?"

६४ बिटच्या प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, मेमरीतला एक शब्द आठ बाइटचा असतो, ३२ च्या प्रोसेसचा चारच. प्रोसेस ३२ ची निघाली आणि मी आठ बाइट लिहिले, तर शेजारचे चार बाइटही पुसले जाणार. शेजारी कम्प्रेसरची खूण होती. तिथे शून्य म्हणजे अख्खं स्टोरेज बंद.

"तो फाइल वाचून सांगतोय," संजू म्हणाला. "फाइलच्या सुरुवातीलाच एक बाइट असतो, ३२ का ६४ ते सांगणारा. पण ही फाइल नवी आहे ना? चालू कुठली आहे?"

मी एन्टरवरचं बोट उचललं.

सीझनमध्ये चालू सिस्टीम कोणी बंद करत नाही, हा आपल्याकडचा न लिहिलेला नियम. म्हणून आम्ही प्रोग्रॅमची जुनी फाइल बाजूला करून नवी तिच्या जागी नुसती ठेवली होती. रिस्टार्ट नंतर करू म्हटलं होतं. मेमरीत जुनाच प्रोग्रॅम पळत होता. तो ३२ चा की ६४ चा, दोघांनाही आठवेना.

डीबगर जोडलेला असेपर्यंत प्रोसेस थांबून राहते. संजूने तो आधी सोडवला.

"वाढतंय ओ," आप्पा दारातून म्हणाले.

"आप्पा, जरा थांबा. घाई केली तर लय महागात पडंल."

मग मला म्हणाला, "आता कर्नललाच विचारू. मोठं पातेलं पुढं करायचं आणि म्हणायचं, ह्या प्रोसेसचे रजिस्टर ह्यात ओत. ६४ ची असली तर बरंच भरंल. ३२ ची असली तर तळालाच राहील."

कर्नल म्हणजे सगळे प्रोग्रॅम चालवणारा सिस्टीमचा गाभा, आणि रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधले छोटे कप्पे, ६४ च्या प्रोसेसला जास्त आणि मोठे. तिथेच उभ्या उभ्या त्याने चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला.  

पातेलं तळालाच राहिलं. ३२.

त्याने डीबगर पुन्हा जोडला, चारच बाइट शून्य केले आणि डीबगर सोडवला.

काहीच झालं नाही. मी आप्पांकडे बघायचं टाळत होते.

मग आतून पंख्यांचा आवाज आला.

आप्पा फरशीवरच बसले. मला रडू फुटलं. संजू म्हणाला, "रडतेस काय, लॉग बघ."

निघताना त्याने आप्पांना बजावलं, "आता ह्या सिस्टीमला हात लावू नका. माल निघाला की मी येतो, मग नीट बंद करू."

माल निघाला. सोमवारी संजू ती बंद करायला वणीला जाणार होता.

आज दुपारी आप्पांना मीच फोन करून सांगितलं. 

"ताई," ते म्हणाले, "आतमधी आता काहीच नाय. पंखे तेवढे चालू हायेत. सांगा, म्या ते कसं बंद करू?"

"तुम्ही नका करू आप्पा. सोमवारी मी येते."

येते म्हणाले खरी, पण भीती वाटतेय. संजूने चालू ठेवलेलं ते माझ्या हाताने थांबणार आहे.

जा मित्रा, निवांत जा. तुला माझी मनापासून श्रद्धांजली.