नाताळच्या झाडाची खांदेमळणी

पिंगळीच्या चंद्रभानची बोटं पोळ्याच्या बैलांसाठी गोंडे वळता वळता म्हातारी झाली. आता गावात जिकडं तिकडं ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टर काही गोंडे मिरवत नाही. यंदाचं गोंड्यांचं पोतं तसंच पडून राहिलं. एकदा तरी ते कुणाच्या अंगावर चढावेत, एवढाच त्याला ध्यास लागला.

नाताळ जवळ आला. शेजारच्या चर्चमध्ये पास्टर शांतवन सुरूच्या झाडाला चांदणी लावत होते. चंद्रभान पोतं घेऊनच पोचला. ते हो-नाही म्हणायच्या आत त्यानं झाडाला गोंडे बांधले, घुंगरमाळ गुंडाळली आणि शेंड्याला बाशिंग चढवलं.

"चंद्रभानराव, हा काय बैल हाय का?" पास्टर कळवळले. "काढा ते समदं."

"बैल न्हाई म्हणूनच शिंगं रंगवली न्हाईत की!"

त्यानं गोंड्याला हात घातला, पण गाठ सोडवायला जीव होईना. तेवढ्यात अंगण झाडणारी रूथमावशी थांबली.

"राहू द्या, पास्टर. येशू गोठ्यातच जन्मला न्हवं? तुमची चांदणी मागून आली. बैल तिथं आधीपासून हुता."

गोंडे राहिले. चंद्रभान इतका हरखला, की घरून वाटीभर हळद-लोणी घेऊन आला आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतात तसं त्यानं झाडाचं खोड मळून काढलं.

नाताळच्या सकाळी प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी मुंग्या आल्या, त्याही शिस्तीत, रांगेनं.