डोंगराखालचं वाचनालय

बोरघाट उतरून एसटी खोपोलीत शिरली, तेव्हा डोंगरांवर श्रावणातलं ऊन पडलं होतं. पुण्यातल्या ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी गावोगावच्या वाचनालयांत जाऊन हवामानबदलावर लोकांशी बोलते. या वेळी खालापूर तालुका, मग कर्जत.

खोपोलीच्या वाचनालयात वर्तमानपत्रं चाळायला आलेली काही मंडळी माझं ऐकायला थांबली. कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "धूर वाईट, हे आम्हालाही कळतं हो. पण चिमण्या बंद झाल्या, तर पोरांनी करायचं काय?" माझं उत्तर माझ्याच कानाला पोकळ लागलं. त्या नादात चित्रांचे तक्ते तिथेच विसरले, हे चौक गावाला जाणाऱ्या टमटममध्ये बसल्यावर लक्षात आलं.

चौकच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे. तिथल्या ग्रंथपाल सुनंदाताईंनी आधी घरी नेऊन तांदळाची भाकरी आणि करटुल्यांची (रानातल्या काटेरी फळांची) भाजी वाढली. दुपारी वाचनालयात गेलो. खोली एकच, पण पक्क्या स्लॅबची. डोंगराच्या उतारावरच्या वाडीतूनही बायका आल्या होत्या. तक्ते नव्हतेच, म्हणून मी नुसतं विचारलं, "पाऊस बदललाय का?"

रेश्मा नावाची तरुण सून म्हणाली, "आता एकदम वततो. घरामागं जमीन फाटली हाय. मला झोप नाय लागत."

"घाबरट हायस गं तू," शेजारी बसलेली तिची सासू म्हणाली. सगळे तिला बाय म्हणत. "आमी जल्म काढला तिथं. घर टाकून कुठं जायाचं?"

कार्बनवरचं भाषण मी बाजूला ठेवलं. मी म्हटलं, "कायमचं जायचं राहू द्या. फार पाऊस लागला, तर एका रात्रीपुरतं कुठे उतराल?"

सुनंदाताईंनी वरच्या स्लॅबकडे आणि मग वाचनालयाच्या अध्यक्षांकडे पाहिलं. म्हातारे गृहस्थ, वाचनालय त्यांनीच उभं केलेलं. ते पुटपुटले, "ओले कपडे, लहान पोरं... पुस्तकांची वाट लागेल."

"पुस्तकं वरच्या फळीवर ठेवू, काका," सुनंदाताई म्हणाल्या. " माणसं कुठं ठेवायची?"

अध्यक्षांनी उठून कपाटाच्या वरच्या फळीवर हात फिरवून पाहिला. मग म्हणाले, "चावी रात्री तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

"आनि माजी गुरं?" बायने विचारलं.

"माझ्या गोठ्यात बांध," मागून एक शेतकरी म्हणाला.

"बघू," म्हणून बाय उठली.

दुसऱ्या दिवशी कर्जतला माझी सभा चालू असतानाच आभाळ फुटलं. पत्र्यावरच्या आवाजात कोणाला काही ऐकू येईना. रात्रभर पाऊस थांबला नाही. सकाळी उठल्याउठल्या मी सुनंदाताईंना फोन लावला.

"उतरले सगळे," त्या म्हणाल्या. "बाय शेवटी आली, गुरं घेऊन."

"आणि डोंगर?"

"जागेवर हाय. काय झालं नाय. बाय भांडतेय माझ्याशी, उगाच उठवलं म्हणून."

पुण्याची गाडी घाट चढू लागली. कड्यांवरून जिथे तिथे पाणी कोसळत होतं. लोकांना पटवायचं, एवढंच माझं काम असं मी धरून चालले होते. बायला मी काहीच पटवलं नव्हतं. खोपोलीच्या काकांनाही नाही. जमिनीची भेग तशीच होती, वाडीला कायमची जागा मिळालेली नव्हती आणि पावसाळा अजून बराच बाकी होता. दर वेळी सकाळी उठून बायला असंच भांडता यावं, एवढंच मनात येत राहिलं.