बाणाची दोन टोकं

दत्ताराम गेल्याचं कळलं तेव्हा मी महाळुंग्याला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चहा घेत होतो. ग्रुपवर त्याचा फोटो आला. वाटलं, वाढदिवस असेल; मी केकचं चित्र टाकायला घेतलं आणि मग खालचा मजकूर वाचला...

एकवीस वर्षं आम्ही एका लाइनवर होतो. त्याने मशीनवर पार्ट काढायचे, मी इन्स्पेक्शनला बसून पास किंवा रिजेक्ट करायचे. माणूस मालवणकडचा, एरवी हूं की चूं नाही, पण गावच्या नदीचा विषय निघाला की त्याला आवरणं मुश्कील! काय ती नदी म्हणे, सह्याद्रीच्या पायथ्याशी उगम, आणि पहाटे तिच्याबरोबर चालायला लागलं तर दिवेलागणीला माणूस समुद्रावर. एसटी चार मैल अलीकडेच थांबते, नकाशात नदीचं नावही नाही. म्हणून त्यानेच ती लॉकरच्या दारावर आतून काढली होती: डोंगर, तीन वळणं, कांदळवन, धक्का, समुद्र. आणि प्रवाहाच्या बाणाला दोन्हीकडे टोकं!

मी चिखलीचा, इंद्रायणीकाठचा. नदी कुठं जाते हे आम्हाला कुणी शिकवायला नको. "दत्ता, ड्रॉइंग चुकलंय राव. नदी मागं येते व्हय कधी?" असं म्हणून मी लाल मार्करने डोंगराकडच्या टोकावर फुली मारली. तो भडकलाच. "अरे, आमची न्हंय दिवसाक दोनदा घराक येता! तू येवन तर बघ." दर मे महिन्यात त्याचं बोलावणं, दर मे महिन्यात माझा ओव्हरटाइम. शेवटी गेलो तो त्याच्या बाराव्याला. स्वतःची फार लाज वाटली.

दुपारी वहिनींनी मला धक्क्यावर नेलं. "वायच थांबा भावजी, आता भरती लागतली." मी फणसाचं एक पान पाण्यात टाकलं. ते समुद्राकडे निघालं. म्हटलं, बघा! मग ते रेंगाळलं, बराच वेळ जागच्या जागी फिरलं आणि... परत आलं! कांदळांची मुळं बुडवत, माझ्या पायांपुढून, थेट डोंगराच्या दिशेनं. मी, पन्नाशीचा माणूस, त्याच्यामागे काठाने धावत सुटलो. "वहिनी, आली! नदी परत आली!" वहिनी हसल्या, मग रडल्या. मीही रडलो.

आता तो लॉकर नव्या माणसाला मिळालाय. स्टोअरवाला रंगाचा डबा घेऊन आला, तेव्हा त्याला हात जोडले. बाहेरून काय रंगवायचं ते रंगव, दार आतून तसंच ठेव. मग कापसाला थिनर लावून ती लाल फुली पुसायला बसलो. फुलीखालचं बाणाचं टोक जाऊ नये म्हणून हात इतका जपून चालत होता की घाम फुटला. टोक शाबूत राहिलं. शेजारी हिरव्या मार्करने 'ओके' लिहिलं, खाली सही केली.

दत्ता, माल पास आहे राव. माझंच इन्स्पेक्शन चुकलं होतं.