ढकललेल्या सैनिकाचा निकाल

घरात त्यांना सगळे ‘पंचबाई’ म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. किल्ल्या बनवायचं त्यांचं छोटं दुकान होतं आणि जिभेची धार तर विचारूच नका. सरळ चाललेल्या माणसाशीही वाद उकरून काढतील अशी बाई! भावजय तोंडावर ‘वन्सं, वन्सं’ करायची आणि मनात कोपरापासून हात जोडायची.

सुट्टीच्या दिवशी पंचबाई धाकट्या भावाकडे यायच्या आणि दोघं राक्षस-जादूगारांचा एक पटावरचा खेळ मांडून बसायची. नियमांचं पुस्तक कुणी लिहिलं होतं देव जाणे! लढाईचा एक नियम धड असेल तर शपथ. खेळ कमी, भांडण जास्त. भाऊ रंगारी, दिवसभर शिडीवर. पण नियमाचा कीस काढायला बसला की थकवा कुठल्या कुठे जायचा.

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली. शब्द आत आहेत, ते त्यानंच बाहेर काढायला हवेत, असं डॉक्टर म्हणाले. पण येणारा-जाणारा त्याच्या आधीच बोलून मोकळा व्हायचा. भावजयसुद्धा. पाणी हवंय? उशी देऊ? तो नुसती मान हलवायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. हा आता कधीच बोलणार नाही, या भीतीनं तिचा जीव टांगणीला लागला होता.

अशात एक दिवस पंचबाईंनी पट मांडला. त्यांच्या जादूगारानं वादळ उठवून, राक्षसाशी लढणाऱ्या भावाच्या सैनिकाला एक घर मागे ढकललं.

“मागे हटणाऱ्यावर राक्षसाचा एक वार फुकट. पुस्तकात लिहिलंय. मेला तुझा सैनिक,” असं म्हणत त्यांनी सोंगटी उचललीसुद्धा.

त्यानं त्यांचं मनगट धरलं. “ना... नाही.”

भावजय धावतच आली. “वन्सं, ठेवा ना ती! त्यांना म्हणायचंय की...”

“तू गप्प बस गं. सैनिक त्याचा आहे, तो बोलेल. का नाही रे? अर्ध्या वाक्यावर मी निकाल देत नाही.”

काय दगडाच्या काळजाची बाई! भावजयीला वाटलं, पटच उधळून द्यावा. भाऊ घामाघूम झाला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. पंचबाई ढिम्म.

“तो पळा... पळाला नाही,” भाऊ म्हणाला. “त्याला... ढकललं.”

भावजयीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पंचबाईंनी घाईघाईनं नियमांचं पुस्तक तोंडापुढे धरलं. ते उलटं होतं.

“पटलं नाही मला. उद्या येते, परत सांग. नीट सांग.”

“ये,” भाऊ चिडून म्हणाला. “ये तर... खरी!”

दाराबाहेर भावजयीनं त्यांना घट्ट मिठी मारली. “वन्सं, तुमचे उपकार कसे फेडू मी?”

“उपकार कसले? माझा भाऊ आहे तो,” पंचबाई म्हणाल्या आणि जिन्याचा कठडा धरून हुंदके देऊ लागल्या.

आत तो एकटाच उद्याची तयारी करत होता. “त्याला ढकललं. त्याला... ढकललं.” दोघी तिथंच थांबून ऐकत राहिल्या.