'शांत' नावाची सर्व्हिस

"सुजाता मॅडम, हे 'शांत' काय आहे?" इरफाननं विचारलं.

"कुठलं शांत?"

"एकोणिसावी ओळ. मालक म्हणून तुमचं नाव आलंय."

मी त्याच्या स्क्रीनकडे पाहिलं. त्या नावाची कुठलीही गोष्ट मी लिहिली नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

आमची कंपनी नागपुरातलीच, लहानशी. औषधं, लसी, रक्त ठेवायच्या फ्रिजमध्ये आम्ही तापमान मोजणारं यंत्र बसवतो. तापमान हद्दीबाहेर गेलं की तिथे बेल वाजते आणि फोनवर मेसेज जातो. यामागे आमच्या सर्व्हरवर बरेच छोटे प्रोग्रॅम चालू असतात. एक तापमान गोळा करतो, एक मेसेज पाठवतो, असं प्रत्येकाचं एकेक काम. त्यांना आम्ही सर्व्हिस म्हणतो.

एकदा त्यातली एक बंद पडली आणि ती कुणाची हे शोधण्यात तिघांचा अर्धा दिवस गेला. तेव्हा आमचे मॅनेजर खापर्डे सर म्हणाले, "सगळ्यांची एक यादी करा. नाव, काम, मालक, बिघडली तर फोन कुणाला. शीट सगळ्यांना शेअर करा." हे काम माझ्याकडे आणि इरफानकडे आलं. माणसांना विचारण्यापेक्षा सर्व्हरवर काय चालू आहे ते आधी पाहू, असं त्यानं सुचवलं. प्रत्येक प्रोग्रॅम कुणी लिहिला याची नोंद असतेच. त्या नोंदीत माझं नाव होतं.

कोड उघडला. साठेक ओळी. दोन ओळींमध्ये जागा सोडायची माझी सवय, मी वापरते तीच आखूड नावं. हात माझाच होता. वर मराठीत एक टीप होती: 'हे तात्पुरतं आहे. मला आठवण करून द्या.'

मी कोडमध्ये मराठी कधीच लिहीत नाही.

"काम काय करते ही?" मी विचारलं. मालक मी, आणि विचारत होते त्याला.

इरफाननं वाचून सांगितलं, "एका फ्रिजचा अलार्म गिळते. रोज बारा ते तीन. बेल नाही, मेसेज नाही." त्यानं फ्रिजचा नंबर पाहिला. "फ्रिज लकडगंजच्या रक्तपेढीचा आहे."

तारीख दोन वर्षांपूर्वीची, सप्टेंबरमधली. त्या आठवड्यात मला डेंग्यू झाला होता. मी घरी होते, एवढंच मला आठवत होतं.

ऑफिसचं जुनं चॅट काढलं. तापाच्या त्या सहा दिवसांत मी सगळ्यांना उत्तरं दिली होती. रक्तपेढीच्या ऑफिसातून तक्रार होती, की दुपारी सफाईला दार उघडलं की उगाच बेल वाजते. त्याखाली मी लिहिलं होतं, 'करते.' इरफाननं तब्येत विचारली होती. 'ठीक आहे. काम सुरू आहे.' प्रत्येक वाक्याला पूर्णविराम. मी चॅटवर पूर्णविराम देत नाही. वाचताना मानेवर कुणाचा तरी श्वास लागावा तसं झालं.

जरीपटक्याला घरी पोचले आणि आईला विचारलं, "मी डेंग्यूत लॅपटॉप घेऊन बसायची का गं?"

आई मेथी निवडत होती. "रोज बसायची. उठून भिंतीले टेकून टाइप करून राहायची. हाक मारली का माह्याकडे पाहायची, पण मले वळखत नव्हती. मी लॅपटॉप कपाटात ठेवला, तं तू काही न बोलता काढून आणला."

"मग मला सांगितलं काहून नाही?"

"डॉक्टर म्हणे तापात होते असं. मंग ताप उतरला, तू नीट बोलाले लागली. कशाले आठवण काढू वं?"

सकाळी खापर्डे सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आधी बंद कर ते." मी बंद केलं. मग दोन वर्षांत काय काय गिळलं गेलं ते काढलं. बहुतेक अलार्म पाच-दहा मिनिटांचे, दार उघडल्याचे. फक्त एक लांब होता, त्याच डेंग्यूच्या आठवड्यातला. जवळजवळ दोन तास. रक्त दोन ते सहा डिग्रीत ठेवावं लागतं. त्या दुपारी तापमान अकरा डिग्रीपर्यंत गेलं होतं.

ते रक्त कुणाला दिलं गेलं का, हे आमच्या नोंदींत दिसत नव्हतं. सरांनी गाडी काढली. आम्ही दोघं थेट लकडगंजच्या रक्तपेढीत गेलो.

तिथल्या सीनियर टेक्निशियन गजभिये ताई पन्नाशीच्या. मी तारीख सांगितली. त्यांनी शोधाशोध केली नाही. कपाटातून एक रजिस्टर काढलं आणि नेमकं पान उघडलं.

"चार-चार तासांनी मी हातानं टेंपरेचर लिहितो," त्या म्हणाल्या. "दोन वाजता पाहिलं तं अकरा. कॉम्प्रेसर बंद. स्विच बंद-चालू केला तं सुरू झाला. चौदा पिशव्या बाद केल्या."

मी ती नोंद वाचली.

"बेल वाजली असती तं दुसऱ्या फ्रिजात हलवल्या असत्या. वाजलीच नाही. म्हणून तुम्हाले मेल केला मी. तुमचं उत्तरही आलं."

"माझं?"

पानाला एक छापील कागद चिकटवलेला होता. 'तपासलं. यंत्रणा ठीक आहे. त्या वेळी तापमानात वाढ नोंदलेली नाही. धन्यवाद.' खाली माझं नाव.

"हे दाखवून मलेच मेमो देला," त्या शांतपणे म्हणाल्या. "मशीन ठीक होतं, मंग चौदा पिशव्या काहून फेकल्या म्हणून. दोन वर्षं झाली. फाइलीत आहे तो."

"ताई, हे मी..." मी लिहिलं नाही, हे खोटं होतं. लिहिलं म्हणावं, तर मला ते आठवत नव्हतं.

"तुमचंच नाव आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो. माझंच आहे."

त्याच टेबलाशी बसून मी रक्तपेढीच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. अलार्म मी बंद केला होता, उत्तर चुकीचं दिलं होतं, गजभिये ताईंचा निर्णय बरोबर होता. सोबत त्या दुपारच्या तापमानाची नोंद जोडली. सरांनी खाली सही केली. दोन आठवड्यांनी मेमो मागे घेतला गेला. ताईंनी फोन करून तेवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

यादी पूर्ण झाली. आता प्रत्येक ओळीत मालकाची दोन नावं असतात, आणि तात्पुरत्या गोष्टीपुढे ती बंद करायची तारीख. रजेवरच्या आजारी माणसाचं लॉगिन आम्ही पहिल्याच दिवशी बंद करतो. लोक कुरकुरतात. तापात माणूस बरळायला लागला तर सगळ्यांना कळतं. तो नीट, नम्रपणे, वेळेवर उत्तरं देत असेल तर कुणीच विचारत नाही.