तासावरचा आवाज

माझा आवाज नेमका कधी गेला ते मला आजही सांगता येणार नाही. सकाळी स्वारगेटला बसमध्ये चढले, कंडक्टरला "एक लोणी काळभोर" म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. म्हणजे त्याआधी कधीतरी तो गेलेला असणार. आदल्या दुपारी शेवटचा तास संपवताना विद्यार्थ्यांना "उद्या पुस्तकं आणा" म्हणाले होते, तेव्हा तो घोगरा का होईना, पण होता. त्यानंतर बस, भाजी, खोली, स्वयंपाक, झोप. भाजीवालीला बोटानं मेथी दाखवली होती. आवाज जवळ आहे की नाही हे बघायची वेळच आली नव्हती. कंडक्टरनं दोनदा "ताई, कुठं?" विचारलं, मग वैतागून शेवटच्या थांब्याचं तिकीट काढून हातात दिलं. मी ते मुकाट्यानं घेतलं.

लोणीच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवत होते, तासिका तत्त्वावर. कॉलेजात शिकवते म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आदर येतो आणि तासिका तत्त्वावर म्हटलं की तो हळूच निघून जातो. जेवढे तास वर्गात उभं राहिलात, तेवढ्याचेच पैसे. कायम प्राध्यापकांना रजा असतात आणि त्यांच्या रजांना नावंही असतात. किरकोळ, अर्जित, वैद्यकीय. आमच्याकडचे एक सर वर्ष संपत आलं की उरलेल्या किरकोळ रजा वाया जाऊ नयेत म्हणून नेमाने आजारी पडत. आम्हा तासवाल्यांना आजारी पडायला मनाई नव्हती. फक्त तो आमचा खाजगी छंद समजला जायचा.

त्यात आणखी एक गोम होती. कायमची माणसं एकमेकांचे तास 'ॲडजस्ट' करतात. आज तुम्ही माझा घ्या, परवा मी तुमचा घेईन. आमच्यात तसं चालत नाही. माझा तास दुसऱ्या तासवाल्यानं घेतला तर त्यावर सही त्याची, पैसे त्याचे, आणि मुलांना तो आवडला तर पुढच्या वर्षीच्या मुलाखतीत पारडंही त्याचंच जड. म्हणून आम्ही ताप अंगावर काढतो, पाय मुरगळला तर लंगडत येतो. माझ्याच विषयाचे दुसरे एक सर तासावर होते. सभ्य गृहस्थ, दोन लेकरांचे बाप, सकाळी दुसऱ्या कॉलेजात शिकवून धापा टाकत आमच्याकडे यायचे. आम्ही एकमेकांना डब्यातली भाजी द्यायचो. तास कधी दिला नाही.

तेव्हा त्या दिवशी मी घरी परत जाण्याचा प्रश्नच नव्हता. आल्याचा तुकडा दाढेखाली धरून मी कुजबुजत शिकवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मागच्या बाकांवरच्यांना काही ऐकू येत नव्हतं, पण त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. मला वाटायचं, कुजबुजणं म्हणजे आवाजाला विश्रांतीच. आठवडा असाच गेला आणि घशात काटे रुतल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा कुठे डॉक्टर गाठले.

मी राहायचे कसबा पेठेत आणि डॉक्टरही तिथलेच, घशाचे म्हणून नावाजलेले. त्यांनी नळी आत घालून बघितलं. "शिक्षिका का?" मी मान हलवली. "वाटलंच. आठवडाभर कुजबुजत होतात ना? कुजबुजणं बोलण्याहून वाईट. स्वरतंतू सुजलेत, गाठी धरायच्या बेतात आहेत. दहा दिवस एक अक्षर बोलायचं नाही. नाही ऐकलंत तर आवाज कायमचा असाच राहील. मग शिकवा खुणांनी."

औषधं लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

मी हातानं सांगितलं, कोणी नाही.

"उत्तम. मग पथ्य सोपं आहे."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मला ते लागलं, फार लागलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरून मी बाजूला उभी राहिले. जवळच्या आळीतून तांब्याची भांडी ठोकल्याचा आवाज येत होता. त्या ठाकठोकीत मी मोठ्यानं रडले असते तरी कोणाला कळलं नसतं, पण मोठ्यानं रडायलाही बंदी होती.

मी हुशारी करायची ठरवली. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले, फळ्यावर लिहिलं, 'आज वाचन', आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला पुस्तक दिलं. ती वाचायची, मी महत्त्वाच्या ओळीपाशी टेबलावर खडू आपटायचे, मुलं खुणा करायची. प्रकरण होतं नागरिकांच्या हक्कांचं. मला वाटलं, असे दहा दिवस सहज निघतील. तेवढ्यात विभागप्रमुख दारात येऊन उभे राहिले. त्यांनी परिच्छेद संपेपर्यंत ऐकलं.

"मॅडम, तास तुमचा आणि आवाज विद्यार्थिनीचा. मग सही कोणाची घ्यायची?"

मुलं हसली. मीही हसले, दुसरं काय करणार? नंतर मला बाहेर घेऊन ते आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हाला रजा देता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. नाही आलात तर तास तुमच्या विषयाच्या दुसऱ्या सरांना देतो. मुलांचं नुकसान नको. तुम्ही ठरवा आणि कळवा."

परतीच्या बसमध्ये मी ठरवत बसले. आवाज सांभाळावा तर तास जाणार. तास सांभाळावेत तर आवाज जाणार, आणि आवाज गेल्यावर तासांचं काय करायचं? हिशोब सरळ होता, शेंबड्या पोरालाही कळला असता. पण मला तो कोणीतरी मोठ्यानं सांगायला हवा होता. "अगं, घरी बस, काही बिघडत नाही" एवढं म्हणणारं माणूस हवं होतं. मी फोनमधली नावं वर-खाली केली. बोलता येत नाही म्हणून फोन कोणाला करणार, हा एक भाग. बोलता येत असतं तरी कोणाला केला असता, हे मला सुचेना, हा दुसरा.

आई होती. यवतमाळकडे, भावाजवळ. पण तिनं गावात सगळ्यांना सांगून ठेवलेलं, "पोरगी पुण्याले प्रोफेसर हाय." प्रोफेसरला आजारपणाची रजा मिळत नाही, हे तिला कसं सांगू? ऐकलं असतं तर पुढच्या गाडीत बसून ती आली असती आणि विभागप्रमुखांशी भांडली असती. मी भावाला मेसेज टाकला, 'तास वाढलेत, काही दिवस फोन जमणार नाही.' संध्याकाळी त्याच्या फोनवरून तिचा निरोप रेकॉर्ड होऊन आला. "काऊन वं, लय तास देऊन राहिले का तुले? बरं हाय मंग. पण जेवत जाय येळेवर." मी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. त्या खोलीत त्या आठवड्यात ऐकू आलेला माझ्यासाठीचा तेवढाच आवाज होता.

शेवटी विभागप्रमुखांना लिहिलं, 'दहा दिवस येऊ शकत नाही.' लिहिलं, पुसलं, परत लिहिलं आणि डोळे मिटून पाठवून दिलं. तासाभरात त्या दुसऱ्या सरांचा मेसेज आला. 'काळजी घ्या मॅडम. तास मी बघतो.' चांगल्या मनानं लिहिलेल्या त्या 'बघतो'चा मला भयंकर राग आला.

मी राहत होते ती इमारत एका काकूंची. त्या खाली एकट्या, मी वर एकटी. तीन वर्षांपूर्वी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं होतं. ऐकून क्षणभर थांबल्या होत्या आणि मग म्हणाल्या होत्या, "भाडं वेळेवर लागेल." मी भाडं वेळेवर देत आले. त्या पलीकडे आमच्यात पाणी किती वाजता जातं एवढाच संवाद. त्या कधी जिना चढून वर आल्या नव्हत्या. आता जिन्यात भेटल्या आणि काही विचारलं तर उगाच गैरसमज नको, म्हणून मी त्यांना चिठ्ठी लिहून दिली. 'दहा दिवस बोलणार नाही. राग मानू नये.'

काकूंनी चष्मा लावून ती वाचली. "अस्सं! तुमच्यातलं ते दहा दिवसांचं मौन ना? ध्यानाचं? माझा भाचा गेला होता शिबिराला, तिसऱ्या दिवशी पळून आला. तुम्ही घरच्या घरी करताय. कमाल आहे बाई."

खुलासा करायला मी पेन काढलं. आमच्या घरात आई दर पौर्णिमेला विहारात जाते, पावसाळ्यात तिथे ग्रंथवाचनालाही बसते. पण मी? मला धड पाच मिनिटं डोळे मिटून बसवत नाही. हे सगळं कागदावर कसं मांडायचं याचा विचार करत मी वर पाहिलं, तर काकूंच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. त्यांनी माझ्याकडे तसं कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनीच काय, बऱ्याच दिवसांत कोणीच पाहिलं नव्हतं. मी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवसापासून डबा यायला लागला. काकू स्वतः जिना चढून यायच्या. मुगाची खिचडी, वर तूप. "तिखट चालत नसेल ना तुमच्या साधनेत?" खाली टीव्हीचा आवाज कमी झाला. इस्त्रीवाल्यानं जिन्यातून हाक मारली तर त्या त्याच्यावर करवादल्या, "हळू! वर मौन चाललंय." ती खिचडी माझ्या घशाला मानवत होती आणि जिवाला लागत होती. घसा बसलेल्या बाईला कोणी डबा आणला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं. डबा माझ्याच दारात येत होता, पण ज्या बाईसाठी येत होता ती त्या खोलीत राहतच नव्हती.

दिवसभर मी कॉटवर पडून राहायचे आणि मनातल्या मनात तास घ्यायचे. आता सरांनी हक्कांचं प्रकरण संपवलं असेल. मुलं त्यांच्या विनोदांना हसत असतील. माझा आवाज परत येणार नाही अशी भीती वाटायची आणि मग वाटायचं, आला तरी कळणार कसं, बोलून बघायचीही बंदी आहे. कोणाचा मेसेज आला की धावत जाऊन बघायचे. बहुतेक वेळा कर्ज देऊ करणारे असायचे. मी इतकी एकटी आहे हे मला माहीत नव्हतं. बोलत असताना ते लक्षात येत नाही, कारण वर्गात रोज पुष्कळ माणसं समोर बसलेली असतात.

दहा दिवस संपले त्या सकाळी मी गरम पाणी प्यायले आणि पहिला शब्द कोणता काढावा याचा विचार करत बसले. तेवढ्यात विभागप्रमुखांचा मेसेज आला. 'मॅडम, तब्येत बरी असेल. विद्यार्थी आता सरांकडे रुळले आहेत. सत्र संपत आलंय, पुन्हा बदल नको असं ठरलं आहे. पुढच्या वर्षी जाहिरात निघाली की जरूर अर्ज करा.'

मी तो वाचून फोन उशीखाली ठेवला. दारावर टकटक झाली. काकू होत्या, हातात शिऱ्याची बशी.

"सुटलं ना मौन? मोजून ठेवले होते मी दिवस." त्या आत आल्या, तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या कॉटवर टेकल्या. "हं, बोला आता. काय अनुभव आला?"

मी तोंड उघडलं. आवाज बारीक होता, थोडा खरखरीत, पण आला. माझाच होता.

"काकू, अनुभव वगैरे काही नाही. मी आजारी होते."

"आजारी?"

मग मी सांगत सुटले. घसा, डॉक्टर, तास, सर, आत्ताचा मेसेज. हळूहळू बोलायचं असं बजावलेलं होतं, ते राहिलं नाही. नोकरी गेली हे मी स्वतःच्या कानांनी पहिल्यांदा ऐकलं आणि तेव्हा रडू फुटलं. काकू बशी मांडीवर धरून ऐकत होत्या. शिरा गार झाला.

"अहो, मग आजारी आहे म्हणून सांगायचं नाही का?" त्या जवळजवळ ओरडल्याच. "साधना कसली करताय! खाली मी काय मेले होते?"

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत," मी म्हणाले.

हे मला बोलायचं नव्हतं. पण दहा दिवस साठलेलं होतं, त्याआधीची तीन वर्षंही होती. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. त्यांनी बशी माझ्या हातात दिली, चमचा पदरानं पुसून दिला. मी शिरा संपवेपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत.